हल-हारस हे नाव कुणाचं

आमच्या हल-हारस गावात हारस आडनावाचं एकच माणूस उरलं होतं. उर्सला मावशी. वय एक्क्याऐंशी, लग्न केलेलं नाही, उजवा गुडघा निकामी. गावाचं आणि आपलं नाव एकच, म्हणजे गाव आपल्या घराण्याचं, असं तिचं म्हणणं होतं आणि ते ती वर्षातून एकदा चालून दाखवायची.

जुलैच्या शेवटच्या रविवारी गावात सान फाब्यानची मिरवणूक निघते. पुढे बँड, मग आठ जणांच्या खांद्यावर संताचा पुतळा. पुतळ्यामागे हारस घराण्यातलं सगळ्यात मोठं माणूस मेणबत्ती घेऊन एकटं चालतं आणि त्यामागे बाकीचं गाव. हा मान कुणी दिला, केव्हा दिला, कुठे लिहिलेलं नाही. उर्सला मावशीच्या आधी तिचे वडील चालायचे, त्यांच्याआधी त्यांचे वडील.

माल्टातल्या गावांना सरकारनं कौन्सिलं दिली त्याला अठ्ठ्याण्णव साली पाच वर्षं झाली होती. कौन्सिल आलं तसा मेयर आला, मेयर आला तशी त्याच्या गळ्यात साखळी आली. आमचा मेयर झारेन, फरशीचा दुकानदार. साखळी घालून त्याला उर्सला मावशीच्या मागे, तिच्या गुडघ्याच्या वेगानं चालावं लागायचं. आदल्या वर्षी पुतळा चर्चच्या दारात पोचला तेव्हा मावशी बेकरीपाशी होती. मधला रस्ता मोकळा पडला होता. त्या मोकळ्या रस्त्यात एक कुत्रं येऊन बसलं आणि लोकांनी त्याचे फोटो काढले.

त्याच वर्षी शेजारच्या गावानं वेशीवर मोठा दगड बसवला. त्यावर गावाचं नाव कसं पडलं ते कोरलेलं. कुणी एक जमीनदार, त्याची घोडी, वगैरे. झारेन तो दगड बघून आला आणि सरळ माझ्याकडे आला.

मी विस्टिन पसाइला. राजधानीत, वालेत्ताला, जुन्या दस्तांच्या कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी केली. मेलेल्या माणसांचं अक्षर वाचता येतं एवढीच माझी गावात ख्याती.

"विस्टिन, दगड बसवायचाय," झारेन म्हणाला. "त्यांच्यापेक्षा एक हात उंच."

"बसव की."

"वर काय लिहायचं?"

"गावाचं नाव."

"ते तर बसच्या थांब्यावर पण आहे. नाव कुठून आलं ते लिहायचं." मग तो जरा पुढे सरकून बसला. "आता मला सांग, गावावरनं हारस लोकांना नाव पडलं, का हारस लोकांवरनं गावाला?"

"बघावं लागेल."

"बघ. पण आधी गाव असतं ना रे? मग माणसं येतात. साधी गोष्ट आहे."

"साधी असती तर तू आला नसतास," आतून आमची चेन्सा म्हणाली. चेन्सा माझी बायको. ती स्वयंपाकघरात असली तरी बैठकीतच असते.

झारेन गेला आणि तासाभरात उर्सला मावशी आली. कुणी सांगितलं ते विचारलं नाही. आमच्या गावात बातमीला चालावं लागत नाही. मध भरून भाजलेल्या गोड कड्यांची ताटली चेन्साच्या हातात देऊन मावशी खुर्चीत बसली आणि पाय स्टुलावर ठेवला.

"मी तुला खोटं लिही म्हणायला आले नाहीये," ती म्हणाली. "तेवढं नीट बघ म्हणायला आलेय. घाईघाईनं बघितलं की माणसाला झारेनसारखं दिसतं."

"मावशी, जे सापडेल ते सांगीन."

"सांग. गाव आमचं आहे हे मला माहीतच आहे. तुला कागद लागतो, म्हणून तू कागद बघ."

मी कागद बघायला लागलो. आठवड्यातून तीनदा सकाळच्या बसनं वालेत्ताला जायचं आणि जुन्याच टेबलाशी बसायचं. माझ्या जागी आलेली मुलगी मला सर म्हणायची आणि पेन्सिल वापरा असं बजावायची. तिथे पेन्सिलच वापरायची, हा नियम मीच भिंतीवर लिहून लावला होता.

हारस या नावाबद्दल गावाची एक खात्री होती. आमच्या भाषेत राखणं, पहारा देणं याला जो शब्द आहे, त्याच्याशी हे नाव जुळतं. तेव्हा हारस म्हणजे पहारेकरी. कोण्या काळी तुर्कांची गलबतं आली तेव्हा ह्या पहारेकऱ्यानं शिंग फुंकून गाव वाचवलं. बँडच्या झेंड्यावर शिंग फुंकणारा माणूस आहे. फुटबॉलच्या संघाचं नाव पहारेकरी आहे आणि तो दर वर्षी सगळ्यात जास्त गोल खातो.

पहिला कागद सापडला तो खरोखरच पहाऱ्याचा होता. पंधराव्या शतकातली यादी. किनाऱ्यावर कुठल्या गावातून कुणी कोणत्या दिवशी पहाऱ्याला यायचं, त्याची. हल-हारसमधले चौदा पुरुष त्यात होते. एकाचंही आडनाव हारस नव्हतं. मी तीनदा वाचलं. मग बाकीची गावं बघितली, तेव्हा हारस सापडले. पाच जण. सगळे बंदराकाठी, बिर्गूला.

हे कसं, ते समजायला मला फार विचार करावा लागला नाही. आमच्या गल्लीत एक चांभार आहे, समोरच्या गोझो बेटावरून आलेला. त्याला सगळे गोझोवाला म्हणतात. त्याचं खरं नाव पाद्रीलासुद्धा वही बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. पण गोझोवर कुणालाही गोझोवाला म्हणत नाहीत, तिथे सगळेच तसे. गावाचं नाव माणसाला चिकटतं ते त्यानं गाव सोडल्यावर. तेव्हा बिर्गूचे हारस म्हणजे हल-हारस सोडून गेलेली माणसं.

दुसरा कागद महिन्यानं मिळाला. सन १५३१चा खरेदीदस्त. बिर्गूचा ज्वान हारस, दोर वळणारा, यानं हल-हारसमध्ये विहिरीला लागून असलेलं एक घर आणि कॅरोबचं, गोड शेंगांचं, एक झाड विकत घेतलं. ज्वानच्या नावापुढे लेखनिकानं लिहिलं होतं, 'यास गावात परका म्हणतात'.

मी पेन्सिल खाली ठेवली. आमच्याकडे आडनावं नुसती सरकारी कागदासाठी असतात. गावात प्रत्येक घराला वेगळंच नाव असतं, आणि हाक त्याच नावानं मारतात. आम्ही मधवाले, झारेनचं घर खेकड्यांचं. उर्सला मावशीच्या घराला अख्खं गाव परक्यांचं घर म्हणतं. मीही लहानपणापासून म्हणत आलो. का म्हणतात, हे मी चौतीस वर्षं दस्त वाचूनसुद्धा कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

म्हणजे झारेनचं खरं होतं. आधी गाव, मग हारस. पण मग गावाचं नाव कुठून आलं? आमच्या बेटावर 'हल' लागलेली बहुतेक गावं कुणातरी माणसाच्या नावाची आहेत. हल म्हणजे वस्ती, पुढे वस्तीवाल्याचं नाव. हल-हारसचा मूळ हारस कुणी वेगळाच असणार.

तो तिसऱ्या कागदात होता. सगळ्यात जुना, एका जमिनीच्या दानाचा. त्यात गावाचं नाव जुन्या वळणानं, अरबी धाटणीत लिहिलेलं होतं, आणि त्यात एक अक्षर जास्त होतं. घशातून काढायचं अक्षर, जे आम्ही बोलता बोलता कधीतरी गाळून टाकलं. मी ते उतरवून विद्यापीठातल्या अरबीच्या प्राध्यापकांना पाठवलं. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं. या शब्दाचा पहाऱ्याशी संबंध नाही. याचा अर्थ मुका.

आज आम्ही मुक्याला जो शब्द वापरतो तो इटलीहून आलेला आहे. त्याच्या आधीचा आमचा शब्द पार विसरला गेला. राहिला तो फक्त गावाच्या पाटीवर, आणि तिथे तो कुणाला ओळखू येत नव्हता.

संध्याकाळी मी चेन्साला सांगितलं. ती चमचा हातात घेऊनच बाहेर आली.

"मुका? आपल्या गावाचं नाव? ह्या गावाचं?"

"हो."

"आणि त्याचं स्वतःचं नाव काय होतं?"

"कुणी लिहून ठेवलेलं नाही. जमीन होती, एवढं दिसतं."

"बोलता येत नव्हतं म्हणून तेच नाव," चेन्सा म्हणाली. "आणि एवढे मोठे बोलणारे त्याच्या नावानं राहतात."

पहिल्यांदा मावशीला सांगायचं असं मी ठरवलं. सकाळी गेलो तेव्हा ती अंगणात सशाचं कातडं सोलत होती. ससा खुंटीला उलटा टांगलेला. मला बघून तिनं सुरीनंच खुर्ची दाखवली.

मी यादीचं सांगितलं. तिनं मागचे पाय मोकळे केले. मी बिर्गूचं सांगितलं. तिनं कातडं खाली ओढायला सुरुवात केली, मोजा काढावा तसं. मी ज्वान हारसचं सांगितलं, आणि 'परका' म्हणालो, तेव्हा ती थांबली.

"म्हणजे आम्ही बाहेरचे."

"बाहेर गेलेले, मावशी. आणि मग आलेले. म्हणून तर नाव हारस. इथले नसता तर ते नाव कशाला पडलं असतं?"

"किती वर्षं बाहेर होतो?"

"साठ-सत्तर तरी."

"बिर्गू लांब नाही. चालत दोन तास."

"त्या काळात लांबच."

तिनं कातडं ओढून काढलं आणि बादलीत टाकलं. मग सुरी पुसत म्हणाली, "आमचा धाकटा भाऊ जान्नी चोपन्न साली मेलबर्नला गेला. बोटीवर चढताना म्हणाला, दोन वर्षांत येतो. तिथे सगळ्यांना हारस म्हणता येईना, म्हणून हॅरिस केलं. त्याची पोरं हॅरिस, नातवंडं हॅरिस. त्यानं तिथे घरं बांधली, तर एका गल्लीला त्याचं नाव दिलंय. हॅरिस गल्ली. मला फोटो पाठवला. मी म्हटलं, अरे हा कुणी इंग्रज वाटतोय." तिनं सुरी बाजूला ठेवली. "चव्वेचाळीस वर्षं मी लोकांना सांगतेय, आमच्या घरातलं गेलेलं माणूस परत येत नाही. तर हा ज्वान आला होता."

"आला होता."

"कशाला आला?"

"दस्तात तसं लिहीत नाहीत, मावशी. काय घेतलं, कुणाकडनं घेतलं, हद्दी कुठल्या, एवढंच असतं."

"मग ते वाच."

मी टिपणाचा कागद काढून वाचला. पूर्वेला विहीर, पश्चिमेला गल्ली, उत्तरेला चर्चची जमीन. सदर घर पूर्वी इम्पेरिया, ज्वानची आजी, हिचे होते.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"आजीचं घर होय," उर्सला मावशी म्हणाली. तिनं वर बघितलं. घराच्या भिंतीकडे, गच्चीच्या कठड्याकडे. "पूर्वेला विहीर. आमच्या पूर्वेला काय आहे?"

"विहीर. पण मावशी, त्या बाजूला आणखी तीन घरं आहेत. हेच ते, असं मला खात्रीनं सांगता येणार नाही."

"तुला नको सांगूस. मला आहे खात्री."

मग मी तिला मुक्याचं सांगितलं. मला वाटलं होतं हे तिला जास्त लागेल. तिनं ते ऐकलं आणि विचारलं, "वेन्झुसारखा?"

"वेन्झुसारखा."

"मग त्याला सांगितलंस का?"

वेन्झु आमचा पाथरवट. गावाबाहेर त्याची खाण आहे, पिवळ्या मऊ दगडाची. तो जन्मापासून मुका, पण कान असे, की बेकरीत कुणी त्याच्याबद्दल काही बोललं तर तो खाणीतून येऊन उत्तर देईल. उत्तर म्हणजे छातीच्या खिशातली वही आणि सुताराची जाड पेन्सिल. साठीचा माणूस, हात दगडासारखे, अक्षर मात्र शाळामास्तरचं. झारेनचा दगड त्याच्याच अंगणात तयार उभा होता, मजकुराची वाट बघत.

मला त्याला सांगायला जमलं नाही. कौन्सिलची बैठक दुसऱ्याच दिवशी होती आणि वेन्झुला तिथे बोलावलेलंच होतं, अक्षरांची उंची ठरवायला.

बैठकीला झारेन, चार सभासद, आमचे पाद्री दुन आंज, वेन्झु आणि मी. मी पहिले दोन कागद वाचले. झारेनचा चेहरा उजळला. तो उठून खिडकी उघडून आला.

"म्हणजे गावावरनं हारस. हारसवरनं गाव नाही. लिहून घ्या."

"पुढे आहे," मी म्हणालो.

"पुढे काय असणार?"

मी तिसरा कागद वाचला. मुका हा शब्द आला तेव्हा एका सभासदानं खोकायला सुरुवात केली. दुसरा एकदम छताकडे बघायला लागला. झारेन वेन्झुकडे बघत नव्हता, म्हणजे इतकं बघत नव्हता की सगळ्यांच्या लक्षात आलं.

"विस्टिन," तो हळू आवाजात म्हणाला, "हे, म्हणजे, तो शब्द, दगडावर नको."

"का?"

"अरे, वेशीवरचा दगड. शेजारच्या गावचे येणार बघायला. त्यांचा घोडीवाला जमीनदार, आणि आपला..." त्यानं तोंडासमोर हात हलवला.

"आणि झेंड्याचं काय करायचं?" खोकणारा म्हणाला. "शिंग फुंकतोय तो!"

"फुंकायला बोलता यावं लागत नाही," दुन आंज म्हणाले.

"फादर, मस्करी नको. शिवाय..." झारेन आणखी हळू झाला. "काहींना वाईट वाटेल."

"कुणाला?" मी विचारलं.

खोलीतली सात माणसं बोलत नव्हती आणि आठवा वेन्झु होता. ह्याच माणसाला गावानं साठ वर्षं तोंडावर मुका वेन्झु म्हटलं होतं. मुक्या, चार इंची दगड पाठव. मुक्या, मजुरी जास्त होतेय. त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. आता तोच शब्द दगडावर येणार म्हटल्यावर सगळे सभ्य झाले.

वेन्झुनं वही काढली. लिहिलं, पान फाडलं आणि मेयरपुढे सरकवलं. झारेननं वाचलं आणि माझ्याकडे दिलं. त्यात होतं: 'त्याची जमीन किती होती?'

"बरीच," मी म्हणालो. "आजच्या चर्चपासून थेट तुझ्या खाणीपर्यंत."

वेन्झु हसला. त्याच्या हसण्याला आवाज नसतो, खांदे हलतात. मग त्यानं दुसरं पान लिहिलं, यावेळी जरा वेळ लावून, आणि ते मलाच दिलं, मोठ्यानं वाच अशी खूण करून.

मी वाचलं. "दगड माझा. खाण माझी. मिरवणूक नऊ दिवसांवर. बेटावर ह्या महिन्यात दुसरा पाथरवट मोकळा नाही, मी चौकशी केली आहे. विस्टिनच्या कागदातलं कोरीन, नाहीतर दगड आमच्या कोंबड्यांना बसायला ठेवीन."

"हे धमकावणं झालं," झारेन म्हणाला.

वेन्झुनं मान डोलावली.

"वेन्झु, अरे तुझ्याचसाठी म्हणतोय मी. लोक हसतील तुला."

वेन्झुनं पुन्हा लिहिलं. हे पान त्यानं स्वतः झारेनच्या डोळ्यांसमोर धरलं, आणि झारेन ते बराच वेळ वाचत राहिला, जरी त्यावर एकच ओळ होती. काय होतं ते झारेननं कुणाला दाखवलं नाही. कागद घडी करून खिशात टाकला आणि म्हणाला, "मत घ्या." तीन विरुद्ध दोन अशा मतांनी ठराव झाला. झारेनचं मत तिघांत होतं. फक्त एक अट त्यानं घातली, उंची एक हात जास्तच हवी. ते सगळ्यांना मान्य होतं.

राहिला मिरवणुकीचा प्रश्न. झारेन माझ्याबरोबर मावशीच्या घरी आला. एकटं जायची त्याची छाती नव्हती. ससा एव्हाना शिजून संपला होता.

"मावशी," तो म्हणाला, "तू आता ऐकलंच असशील. कागदावरनं असं दिसतंय की गाव काही तुमच्या घराण्याचं नाही."

"नाही," मावशी म्हणाली.

तो गोंधळला. त्यानं पुढची तीन वाक्यं पाठ करून आणली होती, ती सगळी ती भांडेल असं धरून होती.

"मग तो मान, पुतळ्यामागचा..."

"तो वेन्झुचा."

"वेन्झुचा? वेन्झुचा कसा काय? तो काय त्या माणसाचा वंशज आहे?"

"ते विस्टिनला विचार."

"तसं सांगता येणार नाही," मी म्हणालो.

"बघ. तसं नाही हेसुद्धा सांगता येणार नाही. हो ना, विस्टिन?"

"हेसुद्धा नाही."

"झालं तर मग. आणि खेकड्यांच्या झारेन, ऐक. मी पण चालणार. त्याच्या शेजारी. तू मागे."

"पण तू कुठल्या नात्यानं?"

"परत आलेली म्हणून," उर्सला मावशी म्हणाली. "तुम्ही सगळे नुसते राहिलात. राहायला काय लागतं? आम्ही आलो."

झारेननं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

वेन्झुला मिरवणुकीत चालायचं नव्हतं. त्यानं वहीत चार कारणं लिहिली. फटाक्यांचा आवाज, भर उन्हाळ्यात सूट, मेणबत्तीचं मेण, आणि उर्सला मावशी. चौथ्या कारणावर मी वाद घातला नाही. पण रविवारी संध्याकाळी चर्चच्या दारातून पुतळा बाहेर आला तेव्हा तो हजर होता. सूट घट्ट, केस पाणी लावून चापलेले, नखांत दगडाची पिवळी भुकटी. मावशीनं त्याला हाक मारली नाही, नुसता हात पुढे केला. त्यानं तो कोपरात घेतला.

दोघं निघाले. गल्लीतले लोक बाल्कन्यांतून वाकून बघत होते. कुणी हसेल म्हणून मी वाट बघत होतो. एक-दोघं हसले. वेन्झुनं त्यांच्याकडे बघून मान लववली, मालकानं लववावी तशी, आणि ते गप्प झाले. गती मात्र आणखी कमी झाली होती. मावशीचा गुडघा होताच, त्यात वेन्झु दर दहा पावलांवर थांबून घरांच्या दारांवरची चौकट निरखायचा, कारण निम्म्या चौकटी त्याच्या बापानं घडवलेल्या. पुतळा चर्चला परत पोचला तेव्हा हे दोघं शाळेपाशी होते. मागे झारेन साखळी घालून, घाम पुसत. मी त्याच्या बाजूनं चालत होतो.

"कागदात आणखी काही सापडेल का रे?" तो कुजबुजला.

"कशाबद्दल?"

"काहीही. चालण्याच्या वेगाबद्दल."

दगड वेशीवर बसला. त्यावर लिहिलंय, की हे गाव एका मुक्या माणसाची वस्ती होती, त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. खाली लहान अक्षरात, की त्याच्या गावातून गेलेल्यांना बिर्गूला हारस म्हणू लागले आणि त्यांतला ज्वान परत आला. ही दुसरी ओळ कौन्सिलच्या मजकुरात नव्हती. वेन्झुला विचारलं तर त्यानं लिहिलं, 'जागा उरली होती.' शेजारच्या गावचे बघायला आले, त्यांनी दोनदा वाचलं, आणि हसायचं कुठे ते त्यांना सापडलं नाही.

मिरवणुकीनंतरच्या आठवड्यात मावशीनं मला कागद-पेन घेऊन बोलावलं. जान्नीला पत्र लिहायचं होतं. तिची बोटं आता अक्षर धरत नाहीत. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. पहाऱ्याची यादी, बिर्गूचा दोरवाला, आजी इम्पेरियाचं घर, सगळं. मी एक-दोन ठिकाणी 'बहुधा' घातलं. तिनं ते ओळखलं आणि काढायला लावलं.

"शेवटी काय लिहू? ये म्हणून?"

"तसं नको लिहूस. घर आहे म्हणून लिही."

उत्तर यायला नाताळ उजाडला. मीच वाचून दाखवलं. जान्नी चौऱ्याहत्तरचा झाला होता, हृदयावर शस्त्रक्रिया झालेली, डॉक्टर विमानात बसू देत नव्हते. ज्वानची गोष्ट त्यानं जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना सांगितली म्हणे. नातवाला जाशील का विचारलं, तर त्यानं फक्त गाव नकाशात आहे का ते बघितलं. आहे, म्हणाला. पुढे दीड पान क्रिकेट आणि हवा. आणि सगळ्यात खाली, सही झाल्यावर, आठवलं म्हणून लिहिल्यासारखी एक ओळ: 'मागच्या खोलीची गच्ची अजून गळते का? बाबांना मी सांगत होतो, उतार चुकलाय.'

मावशीनं पत्र माझ्या हातातून घेतलं आणि ती ओळ स्वतः बघितली. अक्षरं तिला दिसत नव्हती, तरी बघितली.

"गळते का?" मी विचारलं.

"चव्वेचाळीस वर्षं गळतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी वेन्झु शिडी, चुन्याची बादली आणि फावडं घेऊन गच्चीवर चढला. खाली अंगणात उर्सला मावशी खुर्ची टाकून बसली होती आणि उतार कुठल्या बाजूला पाहिजे ते त्याला ओरडून सांगत होती. तो काहीच म्हणत नव्हता आणि उलट्या बाजूला उतार काढत होता. दुपारी तिनं वर चढून बघायचा हट्ट धरला. आम्ही दोघांनी धरून तिला चढवलं, पायरीपायरीनं. वर पोचल्यावर तिनं ओल्या चुन्यावर घागरभर पाणी ओतायला लावलं. पाणी कठड्याकडे वाहत गेलं, पन्हळीतून खाली विहिरीच्या बाजूला पडलं. ती ते संपेपर्यंत बघत उभी राहिली. मग म्हणाली, "विस्टिन, जान्नीला लिही, दुरुस्त झाली," आणि खाली उतरायला हात पुढे केला.